राखीव प्रत

मनुष्याजवळ असणाऱ्या वस्तूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील वस्तू हरवल्या किंवा मोडल्या, तर पैसे खर्चून तशाच दुसऱ्या आणता येतात. छत्री हरवली तर दुसरी छत्री मिळते. पेला फुटला तर बाजारात पेल्यांना तोटा नसतो. दुसऱ्या वर्गातील वस्तू मात्र अशा असतात, की त्या एकदा नाहीशा झाल्या म्हणजे कितीही द्रव्य ओतले तरी परत मिळत नाहीत. दिवंगत आजोबांचे एकुलते एक छायाचित्र, वर्षभर खपून तयार केलेली टिपणे, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेली हकीकत, ही सारी या दुसऱ्या वर्गात मोडतात. अशा वस्तूंना नाशापासून वाचविण्याचा एक उपाय मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो म्हणजे त्यांची दुसरी प्रत करून ती निराळ्या जागी जपून ठेवणे.

छापखाने नव्हते त्या काळात ग्रंथांचे आयुष्य सर्वस्वी या उपायावर अवलंबून असे. बोरू आणि शाई घेऊन लेखनिक पोथ्यांच्या नकला करीत. एका मठातील पोथी उतरवून दुसऱ्या मठात नेली जाई. वाळवी, ओल, आग आणि परचक्र हे पोथीचे चार शत्रू होत. परंतु हे चारही शत्रू एकाच वेळी सर्व गावांत पोहोचत नसत. म्हणून एका गावची पोथी गेली, तरी दुसऱ्या गावची उरे.

जेथे अशी दुसरी प्रत हाताशी नसते, तेथे काय होते याचे उदाहरण मराठीच्या इतिहासातच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी मोठ्या कष्टाने गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध केला. पुढे स्वारीच्या धामधुमीत या ग्रंथाची मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. शिष्यांनी तो ग्रंथ स्मरणाच्या आधारे पुन्हा लिहून काढला. ग्रंथ वाचला खरा. तथापि प्रत्येकाचे स्मरण सारखे नसल्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ तयार झाले आणि मूळ शब्द नेमका कोणता, हा प्रश्न अभ्यासकांपुढे कायमचा उभा राहिला. याउलट तुकाराम महाराजांच्या अभंगांचे पाहावे. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्याच वर आल्या, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ते अभंग अनेक भाविकांच्या मुखी होते, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या अनुयायांनी ते लिहूनही ठेविले होते. जे अनेक ठिकाणी नांदते, त्याचा समूळ नाश करणे कोणालाही सोपे नसते, हे यावरून ध्यानात येईल.

पोथीच्या बाबतीत जे खरे होते, ते आज घरातील संगणकाच्या बाबतीतही खरे आहे. एखाद्या साधारण घरातील संगणकात काय काय साठविलेले असते, ते पाहावे. आईच्या नोकरीची कागदपत्रे, वडिलांनी मांडलेले घरखर्चाचे हिशेब, मुलांचे निबंध आणि प्रकल्प, लग्नमुंजींची हजारो छायाचित्रे, आणि कदाचित आजीच्या आवाजात मुद्रित करून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्याही त्यात असतात. पूर्वी या गोष्टी ट्रंकेत, फडताळात, भिंतीवरच्या तसबिरींत अशा विखुरलेल्या असत. आता त्या सगळ्या एका लहानशा पेटीत येऊन बसल्या आहेत. ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु सगळे धन एकाच हंड्यात ठेविले, तर तो हंडा फुटण्याचे भयही तितकेच मोठे असते.

ही पेटी आतून कशी असते, हे समजून घेतले म्हणजे त्या भयाचे स्वरूप कळते. संगणकात मजकूर, चित्र किंवा आवाज यांपैकी काहीही साठवावयाचे असले, तरी ते शून्य आणि एक या दोन अंकांच्या लांबलचक मालिकेत रूपांतरित केले जाते. अशा एका मालिकेला नाव देऊन ठेविले, की तिला ‘फाइल’ म्हणतात. या फाइली ज्या साधनावर साठवितात, त्याला ‘हार्ड डिस्क’ असे नाव आहे. पहिली हार्ड डिस्क अमेरिकेतील आय. बी. एम. या कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, तिचे वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रच जवळजवळ तेवढी जागा व्यापते. आज त्याच जातीची, परंतु तळहातावर मावेल एवढी डिस्क अशी लाखो छायाचित्रे साठवू शकते.

या डिस्कमधील चकचकीत तबकडी एका मिनिटात ५,४०० किंवा ७,२०० वेळा गरगर फिरते. तिच्यावरून अक्षरे वाचणारे एक सूक्ष्म टोक तरंगत असते. ते टोक आणि तबकडी यांमधील अंतर मनुष्याच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी असते. इतक्या नाजूक यंत्राला जोराचा धक्का बसला आणि ते टोक तबकडीला घासले, तर तेथील अक्षरे कायमची खरवडली जातात. अलीकडे अनेक संगणकांत फिरती तबकडी नसलेल्या डिस्क वापरतात. त्यांना धक्क्याचे भय कमी असते. परंतु त्याही झिजतात, आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडतात. सारांश, संगणकाची डिस्क ही अक्षय्य वस्तू नव्हे. ती एक ना एक दिवस बंद पडणारच. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तिच्यातील मजकुराची दुसरी प्रत इतरत्र असेल की नाही.

शिवाय डिस्क सुस्थितीत असूनही तिच्यातील मजकूर जाऊ शकतो. घाईघाईत भलत्याच कळीवर बोट पडते आणि फाइल पुसली जाते. जुन्या निबंधावरच नवा निबंध लिहून तो त्याच नावाने साठविला जातो आणि जुना कायमचा लोपतो. चोर संगणक उचलून नेतो. वीज अकस्मात जाते आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. यांखेरीज एक नवे संकट गेल्या काही वर्षांत उद्भवले आहे. दुष्ट हेतूने लिहिलेल्या काही आज्ञावल्या संगणकात शिरून सर्व फाइलींना जणू कुलूप घालतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची अशीच एक आज्ञावली जगभर पसरली आणि दीडशेहून अधिक देशांतील संगणक तिच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. ज्यांच्यापाशी आपल्या फाइलींची निराळी प्रत होती, त्यांना त्या परत मिळविण्यासाठी खंडणी देण्याचे कारण नव्हते.

संगणकातील फाइलींची जी दुसरी प्रत अशा प्रसंगासाठी करून ठेवितात, तिला ‘बॅकअप’ म्हणतात. मराठीत तिला राखीव प्रत म्हणता येईल. ती करणे कठीण नाही. घरात एक बाहेरून जोडावयाची डिस्क असावी आणि महत्त्वाच्या फाइली तीवर उतरवून घ्याव्यात, इतके साधे ते काम आहे. असे असूनही फार थोडी माणसे ते नियमितपणे करतात. याचे कारण आळस हेच केवळ नव्हे. ज्या कामाचे फळ आज दिसत नाही, ते काम उद्यावर ढकलण्याची मनुष्याला सवयच असते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने प्रत केली जाते. दुसऱ्या आठवड्यात परीक्षा येते. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे येतात. चौथ्या आठवड्यात त्या कामाची आठवणही उरत नाही. मग डिस्क बंद पडली म्हणजे हळहळ वाटते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

मनुष्य विसरतो, यंत्र विसरत नाही. म्हणूनच हे काम यंत्रावर सोपविण्याची युक्ती निघाली. प्रत्येक संगणकात एक घड्याळ असते. अमुक वेळ झाली म्हणजे तमुक काम कर, अशी आज्ञा त्याला एकदा देऊन ठेविली, की ते काम वेळच्या वेळी आपोआप होते. युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीत ही सोय १९७० च्या दशकापासून आहे. वेळापत्रक सांभाळणाऱ्या तिच्यातील आज्ञावलीचे नाव ‘क्रॉन’ असे आहे, आणि ते काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडले जाते. शाळेतील शिपाई जसा घड्याळाकडे लक्ष ठेवून तासाची घंटा देतो, तशी ही आज्ञावली वेळ झाली की नेमून दिलेल्या कामाला चालना देते. शिपायाला सुटी असते. हिला सुटी नसते. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सर्व प्रमुख प्रणालींत अशी सोय असते.

आपोआप प्रत करण्याची व्यवस्था लावताना संगणकाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: कशाची, कोठे आणि केव्हा? कशाची प्रत करावयाची, या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक द्यावे. संगणक चालविणाऱ्या आज्ञावल्या पुन्हा मिळू शकतात. त्या पहिल्या वर्गातील वस्तू होत. घरच्या माणसांनी स्वतः निर्माण केलेले जे काही असेल, ते दुसऱ्या वर्गातील होय, आणि त्याची प्रत प्रथम व्हावयास हवी. कोठे, याचे उत्तर म्हणजे बाहेरची डिस्क किंवा दूरवरचा दुसरा संगणक. केव्हा, हे ठरविताना संगणक कोणत्या वेळी सुरू असतो ते पाहावे. रात्री दोन वाजताची वेळ नेमून दिली आणि घरातील माणसे दहा वाजताच संगणक बंद करून झोपली, तर ती आज्ञा कागदावरच राहील. त्यासाठी चुकलेले काम संगणक सुरू होताच उरकून घ्यावे, अशीही आज्ञा देता येते.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. घरातील हजारो फाइलींची नक्कल रोज करावयाची म्हटली, तर संगणकाला दुसरे काम करण्यास वेळ कसा उरेल? थोडा हिशेब केला तर या शंकेचे निरसन होते. समजा, घरातील सर्व फाइली मिळून २०० गिगाबाइट, म्हणजे सुमारे २,००,००० मेगाबाइट आहेत, आणि बाहेरच्या डिस्कवर एका सेकंदात १०० मेगाबाइट मजकूर उतरतो. या वेगाने पहिली संपूर्ण प्रत करण्यास २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. फाइली लहान आणि असंख्य असल्या, तर तो वेळ वाढेलही. परंतु दुसऱ्या दिवशी काय बदलले असेल? दहा नवी छायाचित्रे आली असतील आणि एका निबंधात दोन परिच्छेदांची भर पडली असेल. हे सर्व मिळून ४० मेगाबाइटच्या आसपास भरेल. संगणक प्रत्येक फाइलीचा आकार आणि ती शेवटी केव्हा बदलली ती वेळ ताडून पाहतो, जे बदलले तेवढेच उचलतो आणि बाकीच्याला हात लावीत नाही. काय बदलले ते शोधण्यास थोडा वेळ जातो. प्रत्यक्ष उतरविण्याचे काम तर सेकंदाच्या आत होते.

बदललेला भाग तेवढाच पाठविण्याची ही कला ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोन संगणकतज्ज्ञांनी आणखी पुढे नेली. त्यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. मोठ्या फाइलीतील एखादाच परिच्छेद बदलला असेल, तर सर्व फाइल न पाठविता तेवढाच तुकडा दूरच्या संगणकाकडे धाडण्याची किमया तिने साधली. वहीतील एक ओळ चुकली म्हणून शहाणा विद्यार्थी सारी वही पुन्हा लिहीत नाही. तो ती एक ओळच दुरुस्त करतो. ‘आरसिंक’चे तत्त्व याहून वेगळे नाही. ती आज्ञावली आजही जगभर वापरली जाते.

तथापि केवळ ताजी प्रत असून भागत नाही. समजा, सोमवारी एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधातील अर्धा भाग चुकून पुसला गेला आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. रात्री संगणकाने आपले काम चोख बजाविले आणि त्या अर्ध्या निबंधाची प्रत चांगल्या प्रतीवर चढविली. आता दोन्ही ठिकाणी अर्धाच निबंध उरला! यंत्र आज्ञाधारक असते; चांगले आणि वाईट यांतील भेद त्याला कळत नाही. म्हणून चांगली व्यवस्था जुन्या प्रती लगेच टाकून देत नाही. ॲपल कंपनीने २००७ साली आपल्या संगणकांत ‘टाइम मशीन’ नावाची सोय दिली. तिची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. गेल्या चोवीस तासांतील दर तासाची, गेल्या महिन्यातील दर दिवसाची आणि त्यापूर्वीच्या काळातील दर आठवड्याची प्रत ती डिस्कवर जागा असेपर्यंत जपून ठेविते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही २०१२ साली ‘विंडोज ८’ या प्रणालीबरोबर फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारी सोय आणली. अशा व्यवस्थेत मंगळवारी चूक ध्यानात आली, तरी सोमवारी सकाळचा निबंध जसाच्या तसा परत मिळतो.

याच कारणाने दोन मिळत्याजुळत्या गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये. मोबाइलवरील छायाचित्रे आणि संगणकावरील छायाचित्रे नेहमी सारखी ठेवणाऱ्या काही सोयी आहेत. त्यांना पुष्कळ लोक राखीव प्रत समजतात. परंतु त्या सोयीचे काम दोन्ही बाजू सारख्या ठेवणे हे असते. एका बाजूला छायाचित्र पुसले, की दुसऱ्या बाजूलाही ते पुसले जाते. आरशासमोरचा मनुष्य निघून गेला, तर आरशातील प्रतिबिंबही राहत नाही. राखीव प्रत आरशासारखी नसावी. ती मूळ वस्तू गेल्यावरही मागे उरणाऱ्या तसबिरीसारखी असावी.

एवढी सारी व्यवस्था करूनही एक काम बाकी राहते, आणि तेच बहुधा विसरले जाते. त्याचे महत्त्व अमेरिकेत १९९८ साली घडलेल्या एका घटनेवरून चांगले पटते. ‘पिक्सार’ ही संस्था त्या वेळी ‘टॉय स्टोरी २’ हा संगणकावर रेखाटलेला चित्रपट तयार करीत होती. वुडी नावाचा गुराखी बाहुला हा त्या चित्रपटाचा नायक. शेकडो कलावंतांचे काम एका सामाईक साठ्यात जमा होत होते. एके दिवशी तेथे कोणीतरी ‘येथील सर्व फाइली पुसून टाक’ या अर्थाची आज्ञा चुकून दिली. ओरेन जेकब नावाचे तंत्रज्ञ त्या वेळी वुडीच्या फाइली पाहत होते. पाहता पाहता त्या यादीतील नावे कमी होऊ लागली. त्यांनी धावपळ करून यंत्रांच्या खोलीत दूरध्वनी केला आणि वीज तोडण्यास सांगितले. परंतु तोपर्यंत चित्रपटाचा फार मोठा भाग पुसला गेला होता.

संस्थेने राखीव प्रती ठेविल्या होत्या. म्हणून प्रथम कोणी फारसे घाबरले नाही. पण त्या प्रती बाहेर काढून पाहिल्या, तेव्हा त्या सदोष निघाल्या. प्रत करण्याचे काम काही काळ नीट होतच नव्हते, आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते! सर्व श्रम वाया गेल्याची चिन्हे दिसू लागली. अशा वेळी गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाईंना एक गोष्ट आठवली. त्यांना नुकतेच मूल झाले असल्यामुळे त्या काही काळ घरून काम करीत होत्या, आणि त्यासाठी चित्रपटाच्या फाइली त्यांच्या घरच्या संगणकावर वेळोवेळी उतरवून घेतल्या जात होत्या. त्या आणि जेकब तातडीने घरी गेले, तो संगणक त्यांनी गोधड्यांत गुंडाळून मोटारीत ठेविला आणि अत्यंत सावकाश कार्यालयात आणला. त्यातील प्रत काही दिवसांपूर्वीची होती. ती आणि इतर ठिकाणी उरलेल्या फाइली एकत्र करून, हजारो फाइली डोळ्यांखालून घालून, तंत्रज्ञांनी चित्रपट पुन्हा उभा केला. कथेत पुढे पुष्कळ फेरफार होऊन नोव्हेंबर १९९९ मध्ये तो पडद्यावर आला.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की तपासून न पाहिलेली राखीव प्रत ही प्रत नव्हे. ती केवळ एक समजूत असते. आग विझविण्याचा बंब भिंतीवर टांगलेला असला, तरी तो चालतो की नाही हे अधूनमधून पाहावे लागते. तद्वत् महिन्यातून एकदा राखीव डिस्क उघडावी, तीतील चारदोन फाइली निराळ्या ठिकाणी उतरवाव्यात आणि त्या नीट वाचता येतात का, हे पाहावे. त्यांत कालपरवाची फाइल आहे का, हेही पाहावे. दुसरी गोष्ट ही, की ज्या प्रतीने चित्रपट वाचविला, ती कार्यालयात नव्हती. ती दुसऱ्या घरी होती.

प्रत दुसऱ्या जागी असण्याचे महत्त्व महाराष्ट्रानेही अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरील असंख्य घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. अशा पुराला टेबलावरचा संगणक आणि त्याच्या खालच्या खणातील राखीव डिस्क यांत भेद दिसत नाही. तो दोघांनाही सारखेच बुडवितो. म्हणून जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. तीन, दोन, एक एवढे अंक स्मरणात ठेविले की पुरे.

घराबाहेरची प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या मावशीकडे एखाद्या डिस्कवर ठेविता येते. इंटरनेटवरून दूरच्या संगणकांत साठवून देणाऱ्या संस्थाही आहेत. त्या सोयीला ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असे नाव पडले आहे. नाव ढगाचे असले, तरी त्या फाइली आकाशात नसतात. त्या मोठ्या इमारतींत ओळीने मांडलेल्या डिस्कवरच असतात. तेथे ठेविलेले आपले खाजगी कागद परक्याच्या हाती पडू नयेत, यासाठी परवलीचा शब्द अवघड असावा आणि तो घरातील जबाबदार माणसांना माहीत असावा. घरातील राखीव डिस्कही काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवणे हिताचे असते. कारण खंडणी मागणारी आज्ञावली शिरली, तर जोडलेल्या डिस्कलाही ती कुलूप घालते. डिस्क सोडविलेली असेल त्या दिवशी आपोआप प्रत होणार नाही, हे खरे. म्हणून काही लोक दोन डिस्क ठेवतात आणि त्या आळीपाळीने जोडतात.

हे सर्व वाचून कोणास वाटेल, की इतका खटाटोप करण्याइतके आपल्या संगणकात आहे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने स्वतः शोधावयाचे आहे. हिशेबाचा कागद गेला तर बँकेतून पुन्हा मागविता येईल. निबंध गेला तर थोडे कष्ट पडले तरी नवा लिहिता येईल. परंतु आजीने जात्याच्या लयीत म्हटलेल्या ओव्या तिच्या पश्चात पुन्हा कोण म्हणणार? तो आवाज म्हणजे यंत्राच्या दृष्टीने शून्य आणि एक यांची एक मालिका, दुसऱ्या कोणत्याही मालिकेसारखीच. ती बहुमोल आहे हे यंत्राला ठाऊक नसते. ते घरच्या माणसांनाच ठाऊक असते.

म्हणून या कामाची वाटणी अशी करावी. रोजच्या रोज न चुकता नक्कल करणे, हे काम यंत्राचे. त्यात मनुष्याने स्वतःच्या स्मरणावर विसंबू नये. काय जपावयाचे ते ठरविणे, एक प्रत दूर ठेवणे आणि जपलेले खरोखर जागेवर आहे की नाही हे अधूनमधून उघडून पाहणे, हे काम मनुष्याचे. त्यात त्याने यंत्रावर विसंबू नये. पूर्वीचा लेखनिक पोथी उतरवून झाल्यावर मूळ पोथी आणि नक्कल शेजारी ठेवून ताडून पाही, आणि मगच बासन बांधी. पोथी आणि बोरू जाऊन डिस्क आणि आज्ञावली आली. तरी ते ताडून पाहणे सुटलेले नाही.